बाह्य एसएसडीवर लिनक्स मिंट कसे बसवावे

विंडोज १० ला मायक्रोसॉफ्टकडून मिळणारा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आणि ज्या संगणकांत टीपीएम २.० (सुरक्षेची एक चिप) नाही किंवा ज्यांचा प्रोसेसर विंडोज ११ च्या यादीत बसत नाही, अशा धडधाकट यंत्रांचे करायचे काय, हा प्रश्न अनेक घरांत उभा राहिला. लिनक्स ही मोफत मिळणारी ऑपरेटिंग सिस्टम हे त्याचे एक उत्तर आहे. मात्र ज्या संगणकावर टॅली चालते, जुन्या नोकरीची कागदपत्रे आहेत किंवा जो घरातील तिघे-चौघे वापरतात, त्याची आतील डिस्क पुसून नवी प्रणाली बसवण्याचे धाडस नवख्या माणसाने करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. त्यापेक्षा संपूर्ण प्रणाली यूएसबीने जोडलेल्या बाह्य एसएसडीवर बसवावी. ती जोडली की लिनक्स सुरू होते, काढून ठेवली की संगणक पूर्वीसारखा विंडोजमध्ये जातो, आणि तीच एसएसडी दुसऱ्या संगणकालाही लावता येते.

या कामातील बहुतेक पायऱ्या इन्स्टॉलर स्वतःच पार पाडतो. जिथे खरोखर लक्ष द्यावे लागते, ती जागा एकच आहे: बूटलोडर, म्हणजे संगणक सुरू होताना प्रणालीला हाक मारणारा छोटा प्रोग्राम, कोणत्या डिस्कवर जातो. तो चुकून आतील डिस्कवर गेला, तर बाह्य एसएसडी दुसऱ्या संगणकावर चालत नाही आणि आतील डिस्कवर विंडोजच्या शेजारी एक नको असलेला पाहुणा बसतो. म्हणून या लेखात त्या भागाला सर्वांत जास्त जागा दिली आहे.

येथील सूचना लिनक्स मिंट या लिनक्सच्या एका प्रकाराच्या २२ या मालिकेसाठी आहेत. ही मालिका उबुंटू २४.०४ वर आधारलेली असून तिला २०२९ पर्यंत सुरक्षा अपडेट मिळणार आहेत. इंटेल किंवा एएमडीचा ६४ बिट प्रोसेसर आणि यूईएफआय (संगणक सुरू करण्याची नवी पद्धत) पद्धतीने सुरू होणारा संगणक गृहीत धरला आहे; गेल्या दहा-बारा वर्षांतील जवळजवळ सर्व यंत्रे अशीच असतात. अ‍ॅपलच्या एम१ आणि त्यापुढील चिप असलेल्या मॅकवर ही पद्धत चालणार नाही. कार्यालयाने दिलेल्या लॅपटॉपवर तेथील संगणक विभागाच्या परवानगीशिवाय हा प्रयोग करू नये.

काय काय लागेल

दोन वेगवेगळी यूएसबी साधने लागतात आणि नवख्यांचा पहिला गोंधळ इथेच होतो. एक म्हणजे किमान ८ जीबीचा पेनड्राइव्ह, ज्यावरून इन्स्टॉलर चालेल; दुसरी म्हणजे बाह्य एसएसडी, जिच्यावर प्रणाली कायमची बसेल. इन्स्टॉलर ज्या पेनड्राइव्हवरून चालत आहे, त्याच पेनड्राइव्हवर तो प्रणाली बसवू शकत नाही.

एसएसडीऐवजी दुसरा पेनड्राइव्ह चालणार नाही का, असे अनेकजण विचारतात. बसतो, पण वापरवत नाही. ऑपरेटिंग सिस्टम सतत लहान लहान फाइली लिहीत-वाचत असते आणि सर्वसाधारण पेनड्राइव्ह नेमका याच कामात ढेपाळतो. ब्राउझरचा एक टॅब उघडायला लागलेला वेळ पाहून माणूस लिनक्सलाच नावे ठेवतो. जुन्या लॅपटॉपमधून काढलेली अडीच इंची सॅटा एसएसडी आणि तिच्यासाठी यूएसबी ३.० चे एन्क्लोजर (तिला यूएसबीने जोडणारी डबी) ही जोडी स्वस्तात पडते आणि रोजच्या कामाला पुरून उरते. फिरत्या तबकडीची बाह्य हार्डडिस्क हा मधला पर्याय आहे: चालते, पण संथपणे, आणि लॅपटॉप मांडीवरून हलवताना जपावे लागते. मिंटसाठी किमान २० जीबी जागा लागते. तरी १२० जीबीपेक्षा लहान एसएसडी घेऊ नये. यूएसबी २.० चा कमाल वेग सेकंदाला ४८० मेगाबिट, तर यूएसबी ३.० चा ५ गिगाबिट असतो, त्यामुळे एसएसडी नेहमी ३.० च्याच पोर्टात लावावी. अनेक संगणकांत या पोर्टाच्या आतली पट्टी निळी असते.

संगणकात किमान २ जीबी रॅम हवी आणि ४ जीबी असल्यास बरे. मिंटच्या तीन आवृत्त्यांपैकी सिनॅमन ही मुख्य आवृत्ती असून ४ जीबी किंवा अधिक रॅम असेल तर तीच घ्यावी. त्याहून कमी असल्यास एक्सएफसीई घ्यावी.

फाइल उतरवणे आणि तपासणे

मिंटच्या अधिकृत संकेतस्थळावरून आयएसओ फाइल (जिच्यात संपूर्ण इन्स्टॉलर असतो) डाउनलोड करावी. ती सुमारे तीन जीबीची आहे, त्यामुळे मोबाइल डेटावर उतरवताना मधेच तुटण्याची शक्यता असते. टॉरेंटचा दुवा दिलेला असतो, तो वापरल्यास तुटलेले डाउनलोड तेथूनच पुढे सुरू होते. मालिकेतील सर्वांत ताजी आवृत्तीच घ्यावी. ऑगस्ट २०२४ मधील एका विंडोज अपडेटनंतर सिक्युअर बूट (सही नसलेला बूटलोडर अडवणारी सोय) चालू असलेल्या संगणकांवर अनेक जुनी लिनक्स माध्यमे सुरू होईनाशी झाली होती, त्यामुळे मित्राकडे पडून असलेला जुना पेनड्राइव्ह घेऊन काम सुरू करू नये.

फाइल उतरल्यावर तिचा एसएचए-२५६ ठसा तपासावा. विंडोजमध्ये सेव्हन-झिप हा मोफत प्रोग्राम असेल, तर फाइलवर राइट क्लिक करून 'सीआरसी एसएचए' या उपमेनूमधून 'एसएचए-२५६' निवडताच ६४ अक्षरांची एक ओळ दिसते. संकेतस्थळावर दिलेल्या ओळीशी ती तंतोतंत जुळली पाहिजे. जुळली नाही तर फाइल काढून टाकून पुन्हा उतरवावी. अर्धवट उतरलेल्या फाइलीवरून इन्स्टॉलेशन सुरू होते, निम्म्यावर जाऊन अगम्य त्रुटी देते आणि दोष एसएसडीचा आहे असे वाटत राहते, म्हणून या दोन मिनिटांचा कंटाळा करू नये.

यानंतर बॅलेना एचर किंवा रूफस वापरून ही आयएसओ पेनड्राइव्हवर लिहावी. नुसती कॉपी-पेस्ट करून चालत नाही. या वेळी एसएसडी जोडलेलीच नसावी, म्हणजे चुकीचे साधन निवडले जाण्याचा प्रश्नच येणार नाही. पेनड्राइव्हवर आधी असलेले सर्व काही पुसले जाईल. लिहून झाल्यावर विंडोज कधीकधी 'डिस्क फॉरमॅट करायची का' असे विचारते. तिथे 'कॅन्सल' म्हणावे.

आतील डिस्कचे संरक्षण

लिनक्स मिंटच्या इन्स्टॉलरमध्ये बूटलोडर कोणत्या डिस्कवर बसवायचा, हे निवडण्याची यादी दिसते. परंतु यूईएफआय संगणकावर हा इन्स्टॉलर ती निवड न जुमानता, आतील डिस्कवर आधीपासून असलेल्या ईएफआय पार्टिशनमध्येच, म्हणजे बूटलोडर ठेवण्याच्या छोट्या कप्प्यातच, बूटलोडर टाकतो, हा त्याचा वर्षानुवर्षे नोंदवला गेलेला दोष आहे. म्हणजे यादीत तुम्ही बाह्य एसएसडी निवडली, पडद्यावर तसे दिसले, तरी प्रत्यक्षात भलतेच घडू शकते. यावर तीन उपाय आहेत.

सर्वांत खात्रीचा उपाय म्हणजे इन्स्टॉलेशनपुरती आतील डिस्क काढून ठेवणे. डेस्कटॉपमध्ये वीज पूर्ण बंद करून सॅटाची केबल सोडवली की झाले. लॅपटॉपमध्ये मागचे झाकण उघडावे लागते. वॉरंटी चालू असेल किंवा हात बसलेला नसेल, तर त्या वाटेला जाऊ नये. दुसरा उपाय याहून सोपा, पण प्रत्येकाच्या नशिबी नसतो: काही संगणकांच्या बायोसमध्ये (संगणक सुरू होताना उघडता येणाऱ्या सेटिंगमध्ये) आतील सॅटा किंवा एनव्हीएमई डिस्क तात्पुरती निष्क्रिय करण्याची सोय असते. ती आहे का, हे आधी पाहावे.

तिसरा उपाय कोणत्याही यंत्रावर करता येतो. पेनड्राइव्हवरून मिंट सुरू केल्यावर, इन्स्टॉलर उघडण्याआधी, जीपार्टेड हा प्रोग्राम उघडावा. वरच्या उजव्या कोपऱ्यातील यादीतून आतील डिस्क निवडावी आणि तिच्यावरील फॅट३२ प्रकारचे, साधारण १०० ते ५०० एमबीचे, 'बूट' आणि 'ईएसपी' असे शिक्के असलेले पार्टिशन शोधावे. त्याचा क्रमांक कागदावर लिहून ठेवावा. त्यावर राइट क्लिक करून 'मॅनेज फ्लॅग्ज' मध्ये जाऊन हे दोन्ही शिक्के काढावेत. यामुळे कोणतीही फाइल पुसली जात नाही. इन्स्टॉलरला ते पार्टिशन ईएफआयचे आहे हे ओळखू येत नाही, एवढेच होते. इन्स्टॉलेशन संपल्यावर, संगणक रीस्टार्ट करण्याच्या आत, याच ठिकाणी येऊन 'ईएसपी'चा शिक्का परत लावायचा आहे. तो विसरला तर विंडोज सुरू होताना किंवा अपडेट घेताना अडू शकते, म्हणून कागदावर क्रमांकाशेजारीच 'परत लावणे' असे ठळक लिहावे.

कोणताही उपाय निवडला तरी त्याआधी दोन गोष्टी कराव्यात. महत्त्वाच्या फाइलींची प्रत या संगणकाबाहेर कुठेतरी असावी. आणि विंडोजमध्ये बिटलॉकर किंवा 'डिव्हाइस एन्क्रिप्शन' (डिस्क कुलूपबंद करणारी सोय) चालू असल्यास त्याची ४८ अंकी रिकव्हरी की हाताशी असावी. विंडोज ११ च्या अनेक लॅपटॉपवर हे कुलूप मालकाला पत्ता न लागता आपोआप चालू झालेले असते; की बहुधा मायक्रोसॉफ्ट खात्यात साठवलेली असते. बायोसमधील सेटिंग बदलल्यावर विंडोज ती मागू शकते आणि त्या क्षणी ती नसेल तर आतील माहितीला मुकावे लागते.

पेनड्राइव्हवरून सुरुवात

संगणक बंद करून पेनड्राइव्ह लावावा, चालू करावा आणि बूट मेनूची कळ दाबत राहावी. डेल आणि लेनोव्होच्या बहुतेक लॅपटॉपवर ती एफ १२, एचपीवर एफ ९ आणि असुसच्या लॅपटॉपवर एस्केप असते. कळ सापडत नसल्यास विंडोजमध्ये शिफ्ट दाबून धरून 'रीस्टार्ट' करावे आणि येणाऱ्या निळ्या पडद्यावर 'यूज अ डिव्हाइस' निवडावे. यादीत पेनड्राइव्हचे नाव दोनदा दिसले, तर ज्याच्या आधी यूईएफआय लिहिलेले आहे तेच घ्यावे. सिक्युअर बूट बंद करण्याची गरज सहसा पडत नाही, कारण मिंट ते चालू असतानाही सुरू होते.

काही वेळात मिंटचा डेस्कटॉप दिसू लागतो. अद्याप कशावरही काहीही लिहिलेले नाही. इथे थोडा वेळ रेंगाळावे: वाय-फाय जोडले जाते का, आवाज येतो का, टचपॅड आणि पडद्याची उजळता नीट चालते का, हे पाहावे. वाय-फाय सापडलेच नाही, तर अँड्रॉइड फोन केबलने जोडून 'यूएसबी टेदरिंग' चालू करावे. लिनक्स त्याला तारेचे नेटवर्क समजून लगेच जोडून घेते. मग तिसरा उपाय निवडला असल्यास जीपार्टेडचे काम उरकावे, बाह्य एसएसडी जोडावी आणि डेस्कटॉपवरील इन्स्टॉलरचे चिन्ह उघडावे.

इन्स्टॉलर

भाषेच्या यादीत मराठी आहे. तरीही पहिल्या वेळी इंग्रजी ठेवावी असे मी सुचवेन. अडचण आल्यास शोधावी लागणारी मदत इंग्रजी नावांनिशीच मिळते, आणि प्रणालीची भाषा नंतर केव्हाही बदलता येते. कीबोर्ड आणि मल्टिमीडिया कोडेकची पाने चटकन पार करावीत. कोडेकच्या चौकटीत खूण करावी.

'इन्स्टॉलेशन टाइप' हे पान आले की हात कळफलकावरून काढावा आणि पान नीट वाचावे. आतील डिस्क खरोखर काढलेली किंवा बायोसमधून निष्क्रिय केलेली असेल, तर 'इरेज डिस्क अँड इन्स्टॉल लिनक्स मिंट' हा सोपा पर्याय निर्धास्तपणे घेता येतो, कारण पुसायला दुसरे काही शिल्लकच नसते. याच पानावरील 'अ‍ॅडव्हान्स्ड फीचर्स' मधून संपूर्ण एसएसडी पासवर्डने कुलूपबंद करण्याची सोयही मिळते. खिशातून किंवा पिशवीतून फिरणारी डिस्क हरवण्याची शक्यता आतील डिस्कपेक्षा कितीतरी अधिक असते, त्यामुळे ती प्रवासात नेणार असाल तर हे कुलूप लावावेच. मात्र तो पासवर्ड विसरल्यास माहिती परत मिळवण्याचा कोणताही मार्ग नाही.

आतील डिस्क जागेवरच असेल, तर 'समथिंग एल्स' निवडावे. आता सर्व डिस्कची यादी दिसते. लिनक्समध्ये डिस्कना एसडीए, एसडीबी अशी नावे सापडण्याच्या क्रमाने मिळतात आणि ती पुढच्या वेळी बदलू शकतात, म्हणून नावावर विसंबून न राहता आकार पाहावा. इन्स्टॉलर दशमान पद्धतीने मोजतो, त्यामुळे २४० जीबीची एसएसडी इथे सुमारे २,४०,००० एमबी दिसते. विंडोज तीच २२३ जीबी दाखवते, तेव्हा आकडे जुळत नाहीत म्हणून घाबरू नये. शंका राहिल्यास इन्स्टॉलर बंद करून 'डिस्क्स' हा प्रोग्राम उघडावा, तिथे प्रत्येक डिस्कच्या उत्पादकाचे नाव आणि मॉडेल दिसते.

बाह्य एसएसडीच्या मुख्य ओळीवर क्लिक करून 'न्यू पार्टिशन टेबल' दाबावे. हे केल्यावर तिच्यावरील जुनी माहिती गेली असे समजावे. आता रिकाम्या जागेवर अधिकचे चिन्ह दाबून पहिले पार्टिशन ५१२ एमबीचे करावे आणि त्याचा प्रकार 'ईएफआय सिस्टम पार्टिशन' ठेवावा. दुसरे पार्टिशन ८०,००० ते १,००,००० एमबीचे, प्रकार एक्स्ट४ आणि माउंट पॉइंट '/' असे करावे. उरलेली जागा रिकामी सोडावी. नंतर तिच्यावर एक्सफॅटचे पार्टिशन केले की विंडोज आणि लिनक्स दोन्हींतून वाचता येणारा सामायिक कप्पा मिळतो. स्वॅपसाठी (रॅम कमी पडल्यास वापरायच्या जागेसाठी) वेगळे पार्टिशन लागत नाही, इन्स्टॉलर त्यासाठी एक फाइल तयार करतो. खाली बूटलोडरच्या यादीत बाह्य एसएसडीच निवडावी, तिचे एखादे पार्टिशन नव्हे.

'इन्स्टॉल नाऊ' दाबल्यावर एक छोटी चौकट येते आणि कोणत्या डिस्कवर कोणते बदल होणार आहेत ते सांगते. बहुतेक लोक ती न वाचता पुढे जातात. ती अक्षर न् अक्षर वाचावी: त्यात फक्त बाह्य एसएसडीचे नाव असले पाहिजे. आतील डिस्कचा किंवा एनव्हीएमईने सुरू होणाऱ्या नावाचा उल्लेख दिसला, तर 'गो बॅक' दाबावे. या क्षणापर्यंत काहीही लिहिले गेलेले नसते; यानंतर माघार नाही. पुढे वेळेच्या नकाशात भारतावर क्लिक केले की 'कोलकाता' येते, मग नाव आणि पासवर्ड द्यावा. 'एन्क्रिप्ट माय होम फोल्डर' ही खूण, संपूर्ण डिस्क कुलूपबंद केली नसेल तर, विचारात घ्यावी.

रीस्टार्ट करण्यापूर्वीची तपासणी

काम संपल्यावर इन्स्टॉलर 'रीस्टार्ट नाऊ' किंवा 'कंटिन्यू टेस्टिंग' असे विचारतो. इथे 'कंटिन्यू टेस्टिंग' निवडावे. 'डिस्क्स' मध्ये जाऊन बाह्य एसएसडीचे ५१२ एमबीचे पार्टिशन माउंट करून उघडावे. आत ईएफआय नावाचा फोल्डर आणि त्याच्या आत 'बूट' व 'उबुंटू' असे दोन फोल्डर दिसले, तर बूटलोडर योग्य घरी पोहोचला. मिंट असूनही फोल्डरचे नाव उबुंटू का, असे वाटेल; मिंट उबुंटूचाच सही केलेला बूटलोडर वापरते, म्हणून ते तसेच असते. या दोहोंपैकी 'बूट' फोल्डर जास्त महत्त्वाचा, कारण अनोळखी संगणक बाह्य डिस्कवर प्रथम त्याच ठिकाणी डोकावतो. पार्टिशन रिकामे असेल, तर बूटलोडर आतील डिस्कवर गेला आहे. अशा वेळी शिक्के काढले होते का हे तपासून इन्स्टॉलेशन पुन्हा करणे हाच नवख्यासाठी सरळ मार्ग आहे.

शिक्के काढले असतील तर आत्ताच जीपार्टेडमध्ये ते परत लावावेत. मग संगणक बंद करावा, पेनड्राइव्ह काढावा, आतील डिस्क काढली असल्यास पुन्हा जोडावी आणि बूट मेनूतून एसएसडी निवडून मिंट सुरू करावे. त्यानंतर एकदा एसएसडी काढून विंडोज सुरू होते का तेही पाहावे. शक्य असल्यास दुसऱ्या एखाद्या संगणकावरही ती लावून पाहावी. त्या यंत्राच्या बूट यादीत उबुंटू नावाची नोंद मागे राहू शकते, ती निरुपद्रवी असली तरी मालकाला आधी सांगितलेले बरे.

वापरताना

सर्वप्रथम 'अपडेट मॅनेजर' चालवावा. 'ड्रायव्हर मॅनेजर' एनव्हिडियाचा ड्रायव्हर सुचवेल. एसएसडी एकाच संगणकाला लागणार असेल तर तो घ्यावा, अनेक यंत्रांवर फिरणार असेल तर मुळात असलेल्या मुक्त ड्रायव्हरवरच समाधान मानावे. 'टाइमशिफ्ट' प्रणालीच्या प्रती ठेवते, पण त्या त्याच एसएसडीवर असतात, म्हणून स्वतःच्या फाइलींची प्रत अन्यत्र ठेवावीच लागते.

प्रणाली चालू असताना केबल हलली तरी सगळे थिजते आणि फाइली बिघडू शकतात. आखूड, घट्ट बसणारी केबल वापरावी, लॅपटॉप झोपवून (सस्पेंड करून) डिस्क काढू नये, आणि उठताना शक्यतो पूर्ण बंद करावा.

मराठी टंकलेखनासाठी कीबोर्डच्या सेटिंगमध्ये नवा लेआउट जोडताना मराठीचा इन्स्क्रिप्ट आणि ध्वन्यात्मक असे पर्याय दिसतात. ज्यांनी इन्स्क्रिप्टचा सराव आधी केला आहे त्यांना तो लगेच जमेल. देवनागरीचा मजकूर दिसण्यास नोटो फॉन्ट पुरेसा आहे. लिब्रेऑफिसमध्ये पत्रे किंवा अहवाल करणाऱ्यांनी मुंबईच्या एक टाइप या संस्थेचा मुक्ता हा मुक्त परवान्याचा फॉन्टही घालून घ्यावा, तो छपाईत अधिक सुबक दिसतो. लिनक्स आणि लिब्रेऑफिसचे प्राथमिक धडे मराठीतून ऐकायचे असतील, तर आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पात ते विनामूल्य मिळतात.

एक तक्रार मात्र हमखास येते: लिनक्स वापरून परत विंडोजमध्ये गेल्यावर घड्याळ साडेपाच तास मागे पडलेले दिसते. लिनक्स संगणकाच्या आतील घड्याळात जागतिक प्रमाणवेळ ठेवते आणि विंडोज तीच स्थानिक वेळ समजते, त्यामुळे भारतीय वेळेचा नेमका तेवढाच फरक पडतो. विंडोजच्या तारीख-वेळेच्या सेटिंगमध्ये 'सिंक नाऊ' दाबले की ते ठीक होते. हा फरक तसाच राहू दिला, तर काही बँकांच्या आणि शासकीय संकेतस्थळांवर प्रवेश करताना सुरक्षा प्रमाणपत्राच्या त्रुटी येऊ शकतात, म्हणून विंडोज उघडल्यावर आधी घड्याळ पाहावे.